पणाची कथा आणि चोरीचा आळ

मराठी कवितेच्या इतिहासांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. एका कवीची कथा दुसऱ्याच्या कथेसारखी दिसली, कीं पहिल्याचे अभिमानी दुसऱ्यास चोर ठरवितात. कवि स्वतः बहुधा स्वस्थ असतात. फिर्याद अभिमानी करतात, साक्षहि तेच देतात आणि निकालहि तेच सांगून मोकळे होतात. हा आळ ज्यांच्यावर सर्वांत लवकर येतो, असा कथांचा एक वर्ग आहे. जींत एखादा खेळ किंवा पण आहे आणि त्या पणाच्या शेवटीं विवाह आहे, ती कथा आपल्या जातीच्या दुसऱ्या कथेसारखी दिसल्याखेरीज राहत नाहीं. अनोळखी वीर यावा, अवघड पण त्यानें जिंकावा, हरलेल्यांनीं चरफडावें आणि वधूनें माळ घालावी, हा सांगाडा ठरलेलाच आहे. आज क्रीडांगण आणि प्रेम यांची गुंफण करणाऱ्या कादंबऱ्यांविषयीं व चित्रपटांविषयीं जो वाद वाचक घालतात, तो याच जुन्या वादाचा धाकटा भाऊ होय.

या प्रश्नाचा विचार करण्यास पुणें जिल्ह्यांतील बारामती हें गांव फार सोयीचें आहे. कऱ्हा नदीच्या कांठच्या या गांवीं अठराव्या शतकांत एक कवि जन्मभर दुसऱ्यांच्याच कथा सांगत बसला, आणि तरीहि महाराष्ट्रानें त्यास आपल्या थोर कवींत बसविलें. मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजेच मोरोपंत, यांनीं स्वतः रचलेलें असें नवें कथानक शोधूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. महाभारत व्यासांचें, रामायण वाल्मीकींचें, कृष्णकथा भागवताची. मग पंतांचें काय? या एका प्रश्नाच्या उत्तरांत वाङ्मयचौर्याचा सगळा वाद सांठविलेला आहे.

प्रथम त्या पणाच्या कथा पाहाव्या. आपल्या परंपरेंत त्या मुख्यतः तीन आहेत. सीतेच्या विवाहास शिवधनुष्याचा पण आहे, द्रौपदीच्या विवाहास लक्ष्यवेधाचा पण आहे, आणि नल-दमयंतीच्या कथेंत स्वयंवर आधीं व खेळ मागून येतो. यांपैकीं एकीचेंहि रूप आरंभापासून आजपर्यंत स्थिर राहिलेलें नाहीं. धनुष्य उचलतां उचलतां रावण त्याच्याखालीं चेपला, ही मराठी श्रोत्यांची आवडती गंमत वाल्मीकींच्या काव्यांत नाहीं. कढईतल्या तेलांत पाहून माशाचा डोळा फोडण्याची जी गोष्ट घरोघर सांगतात, तीहि महाभारताच्या मूळ संहितेंत त्या रूपांत नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत परिश्रम करून जी चिकित्सित आवृत्ति पुरी केली, तींत अर्जुन भेदतो तें उंच यंत्रांत बसविलेलें एक लक्ष्य आहे. मासा कोणीं आणला, तेल कोणीं तापविलें, त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. कथा सांगणाऱ्यांच्या तोंडीं ती वाढत गेली, आणि वाढविणाऱ्यांवर चोरीचा आळ कोणीं घेतला नाहीं.

नलाची कथा तर खेळाचीच कथा आहे. द्यूतांत राज्य हरलेला नल बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथि होऊन राहतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते, आणि शंभर योजनांचा पल्ला एका दिवसांत गांठण्यासाठीं रथ सुटतो. वाटेंत राजाचें उपरणें उडतें. तें आणण्यास रथ थांबवावा असें तो म्हणतो, तों उपरणें एक योजन मागें पडलेलेंहि असतें. पुढें एका बेहड्याच्या झाडापाशीं ऋतुपर्ण पानांची व फळांची संख्या पाहतां पाहतां सांगतो आणि आपली अक्षविद्या नलाला देतो; मोबदल्यांत नल त्याला अश्वविद्या देऊं करतो. फांसे खेळण्याच्या अगदीं जुन्या पद्धतींत बेहड्याचींच फळें वापरीत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या झाडाची योजना किती मार्मिक आहे तें कळतें. ज्या विद्येच्या अभावीं राज्य आणि पत्नी गेली, ती विद्या मिळतांच कलि नलाच्या शरीरांतून बाहेर पडतो. खेळ आणि प्रेम यांची इतकी घट्ट वीण असलेली कथा जगाच्या वाङ्मयांत थोडी सांपडेल. म्हणूनच ती पुन: पुन्हां सांगण्याचा मोह कवींना आवरला नाहीं.

आतां मराठींत या प्रश्नाचा इतिहास कसा घडला तें पाहावें. तेराव्या शतकाच्या अखेरीस, देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळीं, नरेंद्र नांवाचा कवि होऊन गेला. तो, साल आणि नृसिंह हे तिघे भाऊ कवि होते. नृसिंहाचें नांव नलोपाख्यानाशीं जोडलेलें आहे आणि नरेंद्राचें रुक्मिणीस्वयंवराशीं. महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथांत नरेंद्राची एक आठवण दिली आहे. त्याचें काव्य ऐकून रामदेवराव इतका प्रसन्न झाला कीं, हें काव्य आपल्या नांवावर करावें, ओवीगणिक सोन्याचें नाणें देऊं, असें त्यानें सांगितलें. कवीनें नकार दिला. तसें केल्यास कविकुळाला बोल लागेल, असें त्याचें म्हणणें होतें. रुक्मिणीची कथा भागवतांतून घेण्यांत नरेंद्राला कांहींच कमीपणा वाटला नाहीं. परंतु आपल्या ओव्यांवर राजाचें नांव घालण्यांत त्याला कलंक दिसला. कथा सर्वांची, ओवी मात्र ज्याची त्याची, हा भेद मराठी कवितेच्या बाल्यावस्थेंतच इतक्या स्पष्टपणें केला गेला होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

नरेंद्रानंतर रुक्मिणीच्या विवाहाची कथा मराठींत किती जणांनीं सांगितली! एकनाथांनीं आपलें ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके १४९३ मध्यें, म्हणजे इ. स. १५७१ मध्यें, काशीस पूर्ण केलें. पुढें विठ्ठल कवीनें आणि सामराजानें तीच कथा हातीं घेतली. पात्रें तींच, प्रसंग तेच, पत्र घेऊन जाणारा ब्राह्मण तोच, शिशुपालाची फजितीहि तीच. असें असतां एकाच्या काव्यानें दुसऱ्याचें काव्य रद्द झालें नाहीं. नाथांच्या ग्रंथांत विवाहाच्या प्रत्येक विधीमागें जीव-शिवाच्या ऐक्याचा अर्थ उभा आहे. सामराजाच्या काव्यांत संस्कृत महाकाव्याचा डौल आहे. लग्न एकच असलें, तरी मंडप निरनिराळे आहेत.

मग खरी चोरी कोणती? तिचें उदाहरण सतराव्या शतकांतलें आहे. तुकारामांच्या काळीं सालोमालो या नांवानें ओळखला जाणारा एक कीर्तनकार तुकारामांचे अभंग घेई, त्यांतील ‘तुका म्हणे’ ही मुद्रा काढी आणि तेथें आपलें नांव घालून ते लोकांत गाई, अशी वारकरी परंपरा सांगते. तुकारामांच्या गाथेंत या प्रकारावर संताप व्यक्त करणारे अभंग आहेत. ज्या पुरुषानें निंदा, दारिद्र्य आणि वह्या नदींत बुडविल्याचा प्रसंग सोसला, त्यालाहि हा प्रकार सहन झाला नाहीं, यांतच त्याचें गांभीर्य दिसून येतें. तुकारामांना विषय चोरल्याचें दुःख नव्हतें. विठ्ठलाचें नाम सर्वांचें होतें, आणि नामदेवांच्या मागून तोच विषय गाण्यांत त्यांना धन्यताच वाटत होती. त्यांचें दुःख अक्षरांचें होतें. दुसऱ्याचें अक्षर मोडून, त्यावर आपलें नांव लिहून, तेंच लोकांच्या गळीं उतरविणें, हा त्यांच्या दृष्टीनें भक्तीचा नाश होता.

या मुद्रेचें महत्त्व काय, तें बारामती व इंदापूर या तालुक्यांत आषाढांत समजतें. देहूहून निघालेली तुकारामांची पालखी याच वाटेनें पंढरीस जाते. बारामतीचा मुक्काम आटोपून ती सणसर, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत नीरा ओलांडते. बेलवाडीस व इंदापुरास रिंगण होतें. घोडे वर्तुळांत धांवतात आणि टापांखालची माती कपाळीं लावण्यासाठीं वारकरी पुढें सरसावतात. दिंड्यांतून जे अभंग म्हटले जातात, त्यांच्या अखेरच्या चरणांत कवीचें नांव येतें. ज्यास लिहितां-वाचतां येत नव्हतें, त्यालाहि अभंग कोणाचा हें त्या एका नांवावरून कळत असे. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, दप्तरांत नोंद नव्हती. हजारों मुखांतून उच्चारलें जाणारें नांव हाच कवीचा ताम्रपट होता. सालोमालोनें तो ताम्रपटच खोडण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्याचें नांव आजतागायत निंदेस पात्र राहिलें. गाथेची प्रत १८६९ ते १८७३ या काळांत मुंबई सरकारच्या आश्रयानें दोन भागांत छापून निघाली. परंतु तत्पूर्वीं दोन शतकें तुकारामांचें नांव लोकांच्या स्मरणशक्तीनेंच सांभाळलें होतें.

याच्या उलट अपराधहि मराठीला ठाऊक आहे. दुसऱ्याचें घेऊन आपलें म्हणणें ही एक चोरी, तर आपलें लिहून थोरांच्या नांवावर खपविणें ही दुसरी. ज्ञानेश्वरींत पुढील लोकांनीं आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तींत जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटांत नरोटी ठेवील, असा इशारा देऊन ठेवला. सालोमालोनें नांव पुसलें. ज्ञानेश्वरींत ओव्या घालणाऱ्यांनीं परक्या नांवाचा आडोसा घेतला. दोन्ही ठिकाणीं अपराध खोट्या नांवाचा आहे, समान कथेचा नाहीं.

संस्कृत साहित्यशास्त्रानें हा विचार त्याच्याहि आधीं पुष्कळ बारकाईनें केलेला होता. सातव्या शतकांत बाणभट्टानें ‘हर्षचरिता’च्या आरंभीं अशा कवीवर कोरडे ओढले आहेत, कीं जो अक्षरांचा फेरफार करून ओळख लपवूं पाहतो, पण जाणत्या मंडळींत न सांगतां चोर म्हणून ओळखला जातो. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’च्या शेवटच्या भागांत दोन काव्यांतील सादृश्याचे तीन प्रकार केले. आरशांतील प्रतिबिंबासारखें सादृश्य हा पहिला, चित्रासारखें सादृश्य हा दुसरा, आणि दोन माणसें एकमेकांसारखीं दिसावीं तसें सादृश्य हा तिसरा. प्रतिबिंबाला स्वतःचा देह नाहीं. चित्राला देह आहे, पण तो तुच्छ आहे. माणसासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या माणसाला मात्र स्वतःचा आत्मा आहे. पहिले दोन प्रकार टाकावे, तिसऱ्याचा त्याग करण्याचें कारण नाहीं, असा त्याचा निर्णय आहे. दोन माणसांच्या चेहऱ्यांत साम्य आहे म्हणून एकास दुसऱ्याची छाया कोण म्हणेल?

दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’ंत हाच विषय घेऊन शब्दहरण आणि अर्थहरण यांचे अनेक पोटभेद पाडले. राजशेखर हा व्यवहार जाणणारा गृहस्थ होता. चोरी न करणारा कवि नाहीं आणि चोरी न करणारा वाणी नाहीं, ज्याला लपवितां येतें तो सुखानें नांदतो, असें त्यानें मिस्किलपणें म्हणून ठेवलें आहे. त्याच्या या वाक्याकडे केवळ विनोद म्हणून पाहणें बरोबर नाहीं. चोरी पकडली जाते ती बहुधा अडाण्याची. चतुर माणूस शब्द बदलतो, क्रम बदलतो, आणि निसटतो, हें कटु सत्य त्यांत आहे. अभिमान्यांच्या आरडाओरड्यांत जो थोडाबहुत न्यायाचा अंश असतो, तो येथूनच येतो.

या पार्श्वभूमीवर बारामतीच्या कवीकडे वळावें. मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्यें पन्हाळ्यास झाला. केशव पाध्ये व गणेश पाध्ये या बंधूंपाशीं त्यांनीं तेथें संस्कृताचें अध्ययन केलें, आणि पुढें ते बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयास आले. नाईक हे पेशव्यांचे सोयरे व सावकार. थोरल्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर १७४० मध्यें पेशवेपदासाठीं त्यांचें नांव पुढें करण्यांत आलें होतें. तो डाव साधला नाहीं. परंतु या नाईकांच्या वाड्यांत पुराण सांगणाऱ्या आश्रितामुळें बारामतीस जी कीर्ति मिळाली, ती पेशवाईहूनहि अधिक टिकली. पंत १७९४ मध्यें चैत्री पौर्णिमेस निवर्तले, तोंवर आर्याछंदांतील समग्र भारत, ‘कृष्णविजय’, ‘मंत्रभागवत’, ‘केकावलि’ आणि कितीतरी लहानमोठीं प्रकरणें त्यांच्या लेखणींतून उतरलीं होतीं.

पुराणिकाचा व्यवसायच असा, कीं त्यानें नवी कथा सांगावी अशी श्रोत्यांची अपेक्षा नसते. उलट, कथा माहीत असते म्हणूनच श्रोता येतो. द्रौपदीला कोण वरणार, हें ज्याला ठाऊक नाहीं असा श्रोता त्या वाड्यांत एकहि नसेल. श्रोत्याचें लक्ष कथा कशी सांगितली जाते याकडे असतें: कर्णाचा अपमान या वेळीं कोणत्या शब्दांत येतो, भिक्षुकाच्या वेषांतला अर्जुन उठतो तेव्हां सभा कशी हंसते, आणि त्याच सभेचें तोंड पुढें कसें उतरतें. पंतांनीं महाभारतासारखा अफाट ग्रंथ आर्यांत आटोपतांना काय ठेवावें व काय गाळावें याचा निवाडा ओळीओळीस केला आहे. हा निवाडा व्यासांचा नव्हे, तो बारामतीचा आहे.

रामकथेच्या बाबतींत तर पंतांनीं आपल्यावरच प्रयोग केला. त्यांनीं एकशें आठ रामायणें रचलीं असें परंपरा मानते. ‘मंत्ररामायण’, ‘परंतु रामायण’, ‘दामरामायण’, ‘निरोष्ठ रामायण’ हीं त्यांतलीं कांहीं. निरोष्ठ म्हणजे ज्यांत ओठ जुळवून उच्चारावयाचें अक्षर नाहीं. ‘राम’ या नांवांतला ‘म’ ओष्ठ्य असल्यामुळें, नायकाचें नांवहि न उच्चारतां रामायण सांगण्याची ही अट आहे. ज्या माणसानें एकच कथा इतक्या वेळां सांगितली, त्याला कथेची उणीव भासत होती असें म्हणतां येणार नाहीं. कथा तीच ठेवून सांगणें किती बदलतां येतें, याचाच तो शोध घेत होता. त्यांच्या एका रामायणाशेजारीं दुसरें ठेवलें, कीं समान कथा आणि समान काव्य या दोन वेगळ्या वस्तु आहेत हें उघड दिसतें. आणि येथें दोन्ही काव्यांचा कर्ता एकच असल्यामुळें चोरीचा प्रश्नहि उद्भवत नाहीं.

पंतांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांच्याकडून घेतलें, त्यांना त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. ‘सन्मणिमाला’ या प्रकरणांत त्यांनीं संतांचीं नांवें माळेंतल्या मण्यांप्रमाणें ओंवून त्यांना वंदन केलें आहे. ज्याच्या ऋणाची नोंद उघड आहे, त्याच्यावर चोरीचा आळ टिकत नाहीं. सावकाराच्या वाड्यांत राहणाऱ्या कवीनें निदान एवढा हिशेब तरी चोख ठेवला होता.

आळ आला तो पंतांच्या मागून, एकोणिसाव्या शतकांत. छापखान्यानें दोन कवींचीं काव्यें शेजारीं शेजारीं ठेवण्याची सोय केली. आणि इंग्रजी विद्येबरोबर स्वतंत्र कल्पना हीच कवीची खूण, असा एक नवा दंडक आला. त्या दंडकानें मोजूं जातां पंत हे भाषांतर करणारे आणि यमकें जुळविणारे ठरूं लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ मध्यें ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तींत ‘मोरोपंतांची कविता’ या विषयावर विस्तृत लेखमाला लिहून पंतांची बाजू मांडली. पुढें लक्ष्मण रामचंद्र पांगारकर यांनीं १९०८ मध्यें पंतांचें चरित्र व काव्यविवेचन प्रसिद्ध केलें. या वादांत दोन्ही पक्षांना पंतांचा आधार कोणता हें नीट माहीत होतें. वाद होता तो एवढाच, कीं आधार घेतल्यावर उरतें तें काव्य म्हणावें किंवा नाहीं.

हा प्रश्न सोडविण्याची रीत रघुनाथ पंडिताच्या ‘नल-दमयंती स्वयंवराख्याना’वरून उत्तम समजते. हें मराठी आख्यान श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरिता’च्या आधारावर उभें आहे. श्रीहर्षाच्या महाकाव्याचे सर्ग बावीस. त्यांत पांडित्याचा असा कांहीं महापूर आहे, कीं द्यूतापर्यंत कथा पोंचतच नाहीं. स्वयंवरमंडपांत चार देव नलाचें रूप घेऊन बसले आहेत आणि दमयंतीपुढें पांच नल आहेत, या प्रसंगीं त्यानें एका शब्दाचे अनेक अर्थ करण्याची आपली शक्ति पणास लावली. सारख्या दिसणाऱ्या पांचांतून खरा ओळखणें, हाच तेथें दमयंतीचा पण आहे. आणि समीक्षकाचाहि याहून निराळा नाहीं. रघुनाथ पंडितानें तो पसारा आवरला. नलाच्या हातीं सांपडलेला हंस जेथें आपल्या घरच्या माणसांची आठवण काढून विलाप करतो, तेथें त्यानें मराठी भाषेस असें बोलतें केलें, कीं तो विलाप पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडीं राहिला. पाखरूं श्रीहर्षाच्या काव्यांतलें, हें खरें. पण त्याचा आवाज मराठी आहे. आनंदवर्धनाच्या भाषेंत सांगावयाचें तर हें प्रतिबिंब नव्हे, दुसरा देह आहे.

आधुनिक कायदा फिरून याच ठिकाणीं आला, ही मोठी लक्षणीय गोष्ट आहे. हिंदुस्थानांत ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा कंपनी सरकारनें १८४७ मध्यें केला. त्यानंतर ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर १९१४ चा, आणि स्वातंत्र्यानंतर १९५७ चा कायदा आला. या शेवटच्या कायद्यान्वयें लेखकाचा हक्क त्याच्या हयातींत व मृत्यूनंतर आतां साठ वर्षें चालतो. सर्वोच्च न्यायालयापुढें १९७८ मध्यें आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स हा दावा निर्णयासाठीं आला. ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकाच्या कर्त्याचें म्हणणें असें, कीं १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला. दोन्हींत निरनिराळ्या प्रांतांतल्या तरुण-तरुणींचें प्रेम आणि त्यास आडवा येणारा प्रांताभिमान होता. न्यायालयानें नाटककाराविरुद्ध निकाल दिला. कल्पना, विषय, कथानक, तसेंच इतिहासांतील व पुराणांतील गोष्टी यांवर कोणाची मालकी नाहीं. मालकी असते ती त्या ज्या रूपांत, ज्या मांडणींत आणि ज्या शब्दांत व्यक्त झाल्या त्यांवर. दोन्ही कृती पाहणाऱ्या माणसाच्या मनावर, दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असा निःसंशय ठसा उमटला पाहिजे. नरेंद्रानें राजाला जें सांगितलें आणि आनंदवर्धनानें जें सूत्रांत बांधलें, तेंच न्यायाधीशांनीं कायद्याच्या भाषेंत सांगितलें.

परंतु न्यायालयाचा निकाल म्हणजे नीतीचा शेवटचा शब्द नव्हे. कल्पनेवर मालकी नाहीं या नियमानें कथा सांगणाऱ्यांची वाट मोकळी राहते; तो नियम नसता, तर एकनाथांच्या मागून कोणी रुक्मिणीस हात लावूं शकला नसता, आणि बारामतीस भारत रचलें गेलें नसतें. पण त्याच नियमाच्या आडून राजशेखराचा चतुर मनुष्यहि निसटूं शकतो. कोणा खेडेगांवच्या होतकरू लेखकानें मैदानावरच्या खेळाची आणि प्रेमाची गोष्ट लिहावी, आणि साधनसंपन्न माणसानें तिचे शब्द तेवढे बदलून ती मोठ्या डामडौलानें पुढें आणावी, असें झालें तर दुर्बळाचें नुकसान खरेंच होतें. अशा वेळीं ओरडणाऱ्या अभिमान्यांस मूर्ख म्हणून चालणार नाहीं. त्यांनीं पुरावा मात्र योग्य ठिकाणीं शोधिला पाहिजे.

योग्य ठिकाण कोणतें, हें या इतिहासावरून ठरवितां येतें. नायक शेवटचा डाव जिंकतो, नायिका प्रेक्षकांत बसलेली असते, प्रतिस्पर्धी कपटी असतो, हीं साम्यें पुराव्यांत धरूं नयेत. तीं जनकाच्या मंडपापासून चालत आलेलीं आहेत. पाहावें तें असें. शब्द तेच आहेत काय? जो बारीकसा तपशील पहिल्या लेखकाखेरीज कोणास सुचण्याचें कारण नव्हतें, तो दुसऱ्याकडे जसाच्या तसा आला आहे काय? पहिल्यानें केलेली चूक दुसऱ्यानेंहि केली आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचें, घेणाऱ्यानें ज्याचें घेतलें त्याचें नांव सांगितलें, कीं पुसलें? यांतल्या कोणत्याच प्रश्नास प्रतिकूल उत्तर मिळत नसेल, तर आळ मागें घेणें हेंच प्रामाणिकपणाचें आहे. खोट्या आळानें एका लेखकाची अब्रू जाते, आणि खऱ्या चोरीची फिर्यादहि पुढें कोणी मनावर घेत नाहीं.

पंतांच्या ग्रंथांवर आज कोणाचा कायदेशीर हक्क उरलेला नाहीं. त्यांच्या आर्या कोणीहि छापाव्या, कोणीहि गाव्या. तरीहि त्यांखालीं दुसऱ्याचें नांव घालण्याची कल्पना बारामतींत किंवा इंदापुरांत कोणास सहन होणार नाहीं. जेथून तुकारामांची पालखी दरवर्षीं जाते, त्या मुलखास हें शिकवावें लागत नाहीं. ‘तुका म्हणे’ हे दोन शब्द तेथील माणसें आपल्या आवाजांत म्हणतात, आपल्या चालीवर म्हणतात, पण आपल्या नांवावर कधीं करीत नाहींत.